चौथी रेघ

काल रात्री भिजत घातलेला पांढरा घेवडा
सकाळी दुप्पट होऊन पातेल्याच्या काठाला टेकलाय.
मूठभर जास्तच पडला. दर वेळी पडतो.
हे मातीचं भांडं, कासोल,
वर रुंद, खाली निमुळतं,
आठ माणसांच्या खाली ऐकतच नाही,
आणि जेवायला आज आम्ही दोघं.

तीन दिवस ओतां वारा खिडकीवर डोकं आपटतोय.
कालव्याचं पाणी सुरकुतलंय.
बरंच आहे. अशा हवेत ओव्हनपाशी बसायला
कारण शोधावं लागत नाही.

बदकाची चरबी कढईत
आधी धुकं, मग आरसा.
त्यात सॉसेजची गुंडाळी.
खाटीक अजून वितीनंच मोजून देतो,
आणि त्याची वीत त्याच्या बापापेक्षा आखूड आहे.
एका अंगानं लाल झाली की उलटायची.
टोचायची नाही.
टोचलं की सगळं मनातलं बाहेर.

तळाशी डुकराच्या कातडीचे चौकोन,
वर घेवडा, बदकाची तंगडी, लसूण, पुन्हा घेवडा,
आणि सगळ्यात वर सॉसेज, अर्धं बुडालेलं.
कांद्यात दोन लवंगा खोचलेल्या.

आमच्या घरी लवंग घालत नसत.

मी नऊ वर्षांचा होतो.
शनिवारी रात्री गल्लीतली सगळी भांडी
पाववाल्याच्या भट्टीत जायची,
विझत्या निखाऱ्यांवर रात्रभर.
रविवारी प्रार्थनेनंतर ज्यानं त्यानं आपलं ओळखून न्यायचं.
आमच्या भांड्यावर तीन रेघा,
प्रादेलांच्या भांड्यावर चार.
चौथीवर काजळी बसली होती.

घरी पहिल्याच घासाला कळलं सगळ्यांना.
कुणी बोललं नाही.
बाबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं
तेव्हा आई उठून उगाच खिडकी लावून आली.
संध्याकाळी तिनं ते भांडं राखेनं घासलं,
चारही रेघा लख्ख केल्या,
आणि माझ्या हाती परत पाठवलं.
प्रादेलबाईंनी आमचं दिलं. तेही घासलेलं.

दुपारी दोन. वर साय धरली.
चमच्याच्या पाठीनं मोडली, रस वर आला.
तीन वाजता पुन्हा.
सात वेळा मोडायची म्हणतात.
मी पाचव्यानंतर मोजणं सोडतो,
तपकिरी रंग आपोआप थांबवतो हात.

सातला लेओंस प्रादेल आला,
काठी, बाटली, आणि ओली टोपी.
त्यांच्या घरातला आता तोच उरलाय.
चाळीस वर्षं आम्ही पेतांक खेळतो,
चेंडूंवरून भांडतो,
जेवायला मात्र पहिल्यांदाच बोलावलं.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

पहिला घास घेऊन तो थांबला.
दुसरा घेतला.
"लवंग," म्हणाला.

मी पावाकडे बघत राहिलो.

"त्या रविवारी तुमचं भांडं आमच्याकडे आलं होतं, एमिलियां.
आई म्हणाली, मीठ कमी आहे.
मग म्हणाली, पण एक दाणा फुटलेला नाही.
पुढे सत्तावीस वर्षं ती दर हिवाळ्यात
तसा घेवडा शिजवायला बघायची.
पीठ व्हायचं सगळं.
तुझ्या आईला विचार म्हटलं, तर चिडायची."

कारंज्यापाशी त्या दोघी
रोज एकमेकींना मान डोलवून पुढे जायच्या.
मी दोघींच्याही बादल्या पाहिल्यात.
किती हळू भरायच्या.

लेओंसनं तळाची खरपूड पावानं निपटून घेतली,
अगदी कडेची, काळी.
मग मिशा पुसत, सहज विचारल्यासारखं,
"किती वेळ उकळतोस रे घेवडा,
ओव्हनमध्ये घालायच्या आधी?"

मी सांगितलं त्याला.

दहा मिनिटं वाढवून.